बाजारात मध घेताना काय विचारायचं? साताऱ्यात नव्याने राहायला आलेल्यांसाठी

बदली होऊन, लग्न होऊन किंवा पुण्याच्या गर्दीला कंटाळून साताऱ्यात राहायला आलेल्या माणसापुढे पहिल्याच उन्हाळ्यात हा प्रश्न उभा राहतो. महाबळेश्वरच्या रस्त्याला, मेढ्याच्या बाजारात, मंडईच्या तोंडाशी, जिकडे बघावं तिकडे मध. कुणाकडे छापील लेबलाची बरणी, कुणी पाण्याच्या बाटलीत भरलेला, तर कुणी पोळ्यासकट पातेलंच मांडून बसलेलं. यातला घ्यायचा कुठला? आमच्या सोसायटीत नव्याने आलेल्या बहुतेक घरांनी मला हे विचारलं आहे. जिन्यात उभ्या उभ्या सांगून ते पुरत नाही, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

मध नुसता बघून ओळखता येत नाही. पंधरा-सोळा वर्षं घेतेय, मलाही येत नाही. पण विकणाऱ्याशी पाच मिनिटं बोललं तर बरंच कळतं. ज्याने स्वतः मधमाश्यांच्या पेट्या सांभाळल्यात त्याला माश्यांबद्दल विचारलं की तो थांबत नाही. ज्याने डबा विकत आणून बाटल्या भरल्यात तो दुसऱ्या प्रश्नालाच भावावर येतो.

आधी महिना बघा

मध हे हंगामी पीक आहे, हे लक्षात ठेवलं की निम्मं काम झालं. आपल्या घाटमाथ्यावर, म्हणजे महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या डोंगरी भागात, मधाचा मोठा हंगाम उन्हाळ्यात येतो. जांभूळ, हिरडा, गेळा ही झाडं फुलतात आणि एप्रिल-मेमध्ये पेट्या भरतात. पाऊस सुरू व्हायच्या आत मध काढून होतो. ताजा मध हवा असेल तर मेचा दुसरा पंधरवडा ते जूनची सुरुवात, एवढेच दिवस धरा.

जून ते सप्टेंबर घाटात मधाचं नाव नसतं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यात माशी बाहेर पडणार कधी आणि रस आणणार कुठून? तेव्हा ऑगस्टमध्ये कुणी 'कालच काढलाय, एकदम ताजा' म्हणालं तर नमस्कार करून पुढं चला. मेमध्ये काढून ठेवलेला मध ऑगस्टमध्ये विकणं यात काहीच वावगं नाही, तो उत्तम असतो. फक्त तसं सांगून विकायला हवा.

पाऊस ओसरल्यावर दुसरा, लहान हंगाम येतो. त्यात कारवीचं वर्ष असेल तर भाग्य समजा. कारवी हे डोंगरातलं झुडूप सात-आठ वर्षांतून एकदाच फुलतं. त्या वर्षी डोंगरउतार जांभळे होतात आणि मध मिळतो तो गडद, दाट. दरवर्षी 'कारवीचा मध' विकणाऱ्याला मात्र विचारा, यंदा कारवी कुठं फुलली होती?

जिल्ह्याच्या पूर्वेला, माण-खटाव-फलटणकडे, चित्र वेगळं आहे. तिकडे शेतातली फुलं: सूर्यफूल, डाळिंब, बियाण्यासाठी राखलेला कांदा. सांगलीकडे जत-आटपाडीतही तसंच. हा मध रंगाने फिका, चवीला सरळ गोड असतो. सूर्यफुलाचा तर पिवळाधमक, आणि थोड्याच दिवसांत रवाळ होतो. तोही अस्सलच. घाटावरचा तेवढा खरा आणि सपाटीवरचा खोटा, असं काही नाही.

पहिला प्रश्न: कुठल्या माशीचा?

दुकानात शिरल्याशिरल्या 'किलोचा भाव काय' विचारू नका. आधी हा प्रश्न विचारा. उत्तर साधारण चारांपैकी एक येईल.

सातेरी ही आपली डोंगरातली माशी. झाडाच्या ढोलीत, दगडाच्या कपारीत, अंधारात एकापुढे एक समांतर पोळी बांधते. ती पेटीत राहते, म्हणून महाबळेश्वर-जावळीतले पिढ्यान्‌पिढ्यांचे मधपाळ हिच्याच वसाहती सांभाळतात. मेलिफेरा ही बाहेरून आलेली माशी, मोठी आणि मधाला भरघोस. हिच्या पेट्या ट्रकमध्ये घालून फुलोऱ्यामागे फिरवतात. आग्या ही मोठी, रागीट. उंच झाडाला, कड्याला, पाण्याच्या टाकीला तिचं सुपाएवढं एकच पोळं लोंबतं. ती पेटीत राहत नाही. आणि फुलोरी, झुडपात तळहाताएवढं पोळं करणारी. तिचा मध इतका थोडा असतो की बाजारात किलोने मिळणं शक्यच नाही.

सातेरीच्या एका पेटीतून वर्षाला साधारण पाच-दहा किलो मध मिळतो, मेलिफेराच्या पेटीतून त्याच्या कितीतरी पट. सातेरीचा मध महाग का, याचं उत्तर इथंच आहे. त्यात मेणकिडा लागतो, वेडा राघू माश्या टिपतो, गांधीलमाशी दारात बसून शिकार करते, आणि एखाद्या सकाळी अख्खी वसाहत पेटी सोडून निघून जाते. हे सगळं सोसून तो माणूस बाजारात बसलेला असतो. घासाघीस करायची तर भाजीवाल्याशी करा, याच्याशी नको, असं मला मनापासून वाटतं.

दुसरा प्रश्न: यंत्राने काढलाय की पिळलाय?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच.

पेटीचे दोन मजले असतात. खालच्या पिलावकोठीत राणी अंडी घालते, पिल्लं वाढतात. वरच्या मधकोठीत फक्त मध साठतो. मध काढताना वरच्या, पोळं बांधलेल्या लाकडी चौकटीच तेवढ्या उचलतात. मेणाची झाकणं सुरीने अलगद सोलतात, चौकटी मधयंत्रात उभ्या लावून हँडल फिरवतात. मध उडून भांड्याच्या आतल्या बाजूला लागतो, ओघळतो, खालच्या तोटीतून येतो. पोळं मोडत नाही. रिकामी चौकट परत पेटीत, आणि माश्या दुसऱ्या दिवशी भरायला मोकळ्या. एक किलो मेण तयार करायला माश्यांना कित्येक किलो मध खर्ची घालावा लागतो. म्हणून पोळं वाचणं ही त्यांच्या लेखी फार मोठी गोष्ट असते.

पिळलेला मध म्हणजे अख्खं पोळं कापून फडक्यात घालून दाबलेला. त्यात मधाबरोबर पराग येतो, मेण येतं आणि पिल्लंही चिरडली जातात. असा मध गढूळ दिसतो आणि लवकर आंबतो. आग्याचा बाजारातला मध बहुतेक असाच असतो: रात्री टेंभा पेटवून माश्या जाळायच्या, हुसकायच्या आणि पोळं खाली घ्यायचं. पुढच्या मोसमात ती वसाहत नसते. आग्याचं पोळं नीट काढता येतं, ते शिकवलंही जातं. अंगभर पोशाख घालून, वरचा मधाचा भाग तेवढा कापून पिल्लांचा भाग तसाच ठेवायचा. असं काढणारा भेटला तर जरूर घ्या आणि चार लोकांना त्याचं नाव सांगा. 'जंगली' एवढ्या शब्दावर मात्र भुलू नका.

मी एकदा भुलले आहे. घाटात गाडी थांबवली, पातेल्यात पोळं तरंगत होतं, त्यावर दोन-चार माश्याही होत्या. समोर पिळून दिला, डोळ्यांनी बघून घेतला, आणखी काय हवं? जूनचा पाऊस लागला आणि आठवड्याभरात बाटलीचं झाकण फुगलं. उघडलं तर सोड्यासारखा आवाज, वर फेस आणि ताडीसारखा आंबूस वास. दोन किलो मध मोरीत ओतावा लागला. पोळं खरं होतं, त्याबद्दल मला शंका नाही. पण ते ज्यात तरंगत होतं ते काय होतं, ते मी विचारलंच नव्हतं. पातेल्यात आधीच पाक असेल तर वर खरं पोळं ठेवल्याने तो मध होत नाही.

'झाकलं न्हाई अजून'

मेढ्याच्या बाजूला एक काका आहेत, त्यांच्याकडून मी गेली काही वर्षं मध घेते. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले ती मेची सुरुवात होती. हाती पैसे, पिशवीत धुऊन वाळवलेल्या बरण्या, सगळी तयारी. काकांनी पेटीचं झाकण काढलं, माश्या शांत करायचं धुराडं दोनदा दाबलं आणि मधकोठीतली एक चौकट उचलून उन्हासमोर धरली. वरच्या बाजूला दोन बोटं पांढऱ्या मेणाची झाकणं, खाली सगळे कप्पे उघडे, आत ओला मध चमकत होता. त्यांनी चौकट आडवी करून हलकासा झटका दिला. दोन-तीन थेंब माझ्या चपलेवर पडले.

"बघा ताई, सांडतोय. झाकलं न्हाई अजून. पंधरा दिस जाऊ द्या."

फुलातल्या रसात अर्ध्याहून जास्त पाणी असतं. माश्या तो कप्प्यात भरतात, पंखांनी वारा घालून आटवतात आणि पुरेसा आटला की वर मेणाचं झाकण लावतात. चौकटीचे निदान तीन चतुर्थांश कप्पे झाकले गेले की मध पिकला म्हणायचं. घाई करून आधीच काढला तर पाणी जास्त राहतं आणि मध आंबतो. मग त्यात एक चमचाही साखर घातलेली नसली तरी!

त्या दिवशी काकांनी मला रिकाम्या हाताने परत पाठवलं. तेव्हापासून मी दुसरीकडे बघितलेलं नाही. तुम्हीही विकणाऱ्याला विचारा, 'चौकट झाकल्यावर काढता का?' प्रश्न ऐकून त्याचा चेहरा खुलला तर माणूस पेट्यांवरचा आहे.

काहींकडे रिफ्रॅक्टोमीटर नावाचं छोटं दुर्बिणीसारखं उपकरण असतं. काचेवर थेंब ठेवून डोळ्याला लावलं की मधात किती टक्के पाणी आहे ते दिसतं. भारतीय मानकाप्रमाणे ते २० टक्क्यांपर्यंत चालतं. घाटावरची हवाच दमट, त्यामुळे सातेरीचा मध मुळात जरा पातळ असतो. 'दाट तो खरा' हा ठोकताळा आपल्या भागात उलटा पडतो.

साखरपाण्याचा प्रश्न

हा जरा नाजूक आहे, पण विचारा. 'पावसाळ्यात माश्यांना साखरपाणी देता का?'

नव्या माणसाला वाटतं की 'नाही' हे चांगलं उत्तर. तसं नाही. चार महिने फुलं नसताना वसाहत जगवायची तर बहुतेक मधपाळांना साखरेचा पाक द्यावाच लागतो. 'होय, पावसात देतो, फुलोरा लागला की बंद' हे सरळ उत्तर आहे. लबाडी होते ती फुलोऱ्यात पाक चालू ठेवून तोच मध म्हणून काढला जातो तेव्हा. कानावर हात ठेवून 'छे छे, आम्ही कधीच नाही' म्हणणाऱ्याला पुढचं विचारा: मग पावसाळ्यासाठी पेटीत किती मध राखून ठेवता? काहीजण खरंच ठेवतात, आणि ते मोजून सांगतात.

घरच्या परीक्षा सोडून द्या

पाण्यात टाकला की तळाशी जातो. कागदावर थेंब पसरत नाही. वात बुडवून पेटवली की जळते. मुंग्या लागत नाहीत. कुत्रं तोंड लावत नाही. लहानपणापासून ऐकलेलं सगळं. यातलं एकही भरवशाचं नाही. पहिल्या तीन परीक्षांत फक्त पाण्याचं प्रमाण कळतं. दाट केलेला पाक तिन्हींत उत्तम गुणांनी पास होतो आणि घाटावरचा खरा, जरा ओलसर मध वात तडतडून नापास होतो. मुंग्या तर खऱ्या मधाला हमखास लागतात, माझ्या ओट्यावर येऊन बघा.

डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने बाजारातल्या १३ ब्रँडचे नमुने तपासून घेतले. त्यातले १० एनएमआर या प्रगत चाचणीत नापास झाले. कंपन्यांनी तो निष्कर्ष नाकारला. पण त्यातले काही नमुने नेहमीच्या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांतून सुटले होते, ही गोष्ट उरतेच. प्रयोगशाळेलाही जे सहज सापडत नाही ते आपल्या ओट्यावरच्या पेल्यात कसं सापडणार? म्हणून माणूस ओळखायचा, हंगाम ओळखायचा.

चव मात्र घ्या. मनगटाच्या मागे थेंब मागा, जिभेवर फिरवा आणि गिळल्यावर थांबा. साखरेचा पाक गोड लागतो आणि संपतो. जांभळाच्या मधाला मागून किंचित कडसर-तुरट चव येते, घशात जराशी चरचर होते. एक-दोन वर्षं सलग घेतलात की ही चव जिभेवर बसते. नंतर जिभेची फसवणूक सहसा होत नाही.

माप आणि लेबल

मध पाण्यापेक्षा जड. एक लिटर पाण्याच्या बाटलीत साधारण १ किलो ४०० ग्रॅम मध मावतो. अर्धा किलोच्या बरणीत पाणी मावायला हवं ३५० मिलीच्या आसपास. म्हणजे लिटरची बाटली तोंडापर्यंत भरून कुणी 'एक किलो' म्हणत असेल तर तराजूवर ठेवायला सांगा. किलोच भरली तर आत मध कमी, पाणी जास्त. चौदाशे ग्रॅम भरली तर एवढंच कळलं की पातळ नाही. दाट पाकही तेवढाच भरतो.

लेबलावर वजन, भरल्याची तारीख, बॅच नंबर, पत्ता आणि एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा १४ आकडी नंबर हवा. पेटीवरून घरी जाऊन घेत असाल तर लेबल नसेलही, तिथं पेटीच समोर असते. रस्त्यावर, अनोळखी माणसाकडून बिनलेबलाचा घेऊ नका.

कुठं जायचं

सुरुवात करायची तर महाबळेश्वरजवळच्या मांघरला जा. २०२२ साली ते देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. घरोघरी पेट्या आहेत, माहिती सांगणारे लोक आहेत. मध नाही घेतला तरी पेटी उघडलेली बघून या, बाजारात काय विचारायचं ते आपोआप सुचायला लागेल. महाबळेश्वरलाच राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे. मधपाळांकडून घेतलेला मध मंडळ 'मधुबन' नावाने विकतं. ज्यांना माणसं शोधत हिंडायला वेळ नाही त्यांनी तो घ्यावा.

त्यानंतर मेढा, वाई अशा गावांच्या आठवडी बाजारात फिरा. रोजचा दुकानदार सोडून, भाजी-नाचणी-तांदळाबरोबर चार बरण्या मांडून बसलेली मावशी शोधा. मध तिच्या घरचाच असण्याची शक्यता जास्त. 'मावशी, पेट्या कुठंयत? बघायला येऊ का?' एवढं विचारा. 'या की, त्यात काय' असं उत्तर आलं तर खरंच जा. पहिल्या खेपेला पाव किलोच घ्या. आवडला, टिकला, की पुढच्या वर्षी जास्त.

घरी आणल्यावर

काचेच्या कोरड्या बरणीत, घट्ट झाकणात, ओट्यापासून लांब. फ्रिजमध्ये नको. मध हवेतलं पाणी ओढून घेतो, आणि साताऱ्याचा पाऊस तुम्ही अजून बघायचाय, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये झाकण उघडं राहू देऊ नका. चमचा कोरडाच हवा. तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नका, मध आम्लधर्मी असतो.

थंडीत मध खाली बसला, साखरेसारखे कण झाले, की लोक मला फोन करतात, फसलो म्हणून. फसला नाहीत. मधातली ग्लुकोज साखर गोठते, फुलाप्रमाणे कुठला मध लवकर गोठतो, कुठला उशिरा. बरणी कोमट पाण्यात ठेवा, हात सहज बुडवता येईल इतपतच गरम. गॅसवर चढवू नका, वास जातो. मी तर रवाळ मध तसाच भाकरीला लावून खाते.

आणि एक गोष्ट, जी प्रत्येक घरात आजीसमोर बोलायला अवघड जाते. बाळ जन्मल्यावर मध चाटवायची आपल्याकडे पद्धत आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नका, गुटीतूनही नाही. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते बाधत नाहीत, तान्ह्या बाळाच्या आतड्यात मात्र वाढून जिवावर बेततं. मध कितीही शुद्ध असला तरी हे लागू आहे. मधुमेह असणाऱ्यांनीही 'नैसर्गिक आहे' म्हणून सैल सुटू नये. साखर ती साखरच.

रिकाम्या बरण्या टाकू नका. धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून ठेवा आणि मार्च लागला की तुमच्या मधपाळाला फोन करून किती किलो हवा ते सांगून ठेवा. त्यालाही अंदाज येतो. आमचे काका मेच्या शेवटी उलट फोन करतात. फार बोलत नाहीत. "ताई, झाकलं बघा. या."

मग मी बरण्या घेऊन मेढ्याची एसटी धरते.